परसातल्या हिवाळी भाज्या: कोल्हापुरात नेमकं कधी आणि काय लावायचं?

फुलेवाडीचा_परस | २८ सप्टेंबर, सायं. ६.४०

नमस्कार मंडळी.

घरामागं सोळा बाय वीस फुटांचं परस आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथं एक शेवगा, एक कढीपत्ता आणि बांधकामातनं उरलेल्या विटांचा ढीग होता. गेल्या वर्षी अंगात आलं. विटा हलवल्या, माती उकरली, शेजारच्या गोठ्यातनं चार पाट्या शेण आणून मिसळलं आणि यूट्यूबवर उत्तरेकडच्या लोकांचे व्हिडिओ बघत हिवाळी भाज्या लावल्या. निकाल असा:

मेथी घटस्थापनेला टाकली. तीन दिवसांनी पाऊस आला तो चार दिवस हलला नाही. निम्मी कुजली, उरलेली गोगलगायींनी खाल्ली. फ्लॉवरची रोपं नोव्हेंबरच्या शेवटी आठवडी बाजारातनं आणली, चांगली उंच वाढलेली, जुडी बांधून ठेवलेली. जानेवारीत गड्डे आले लिंबाएवढे. लिंबूच, मोसंबीपण नव्हे. मटार डिसेंबरच्या मध्यात पेरला, फुलं फेब्रुवारीत आली आणि गळून गेली. गाजरं आली, पण दोन पायांची. एकाला हातपण होते. धाकटीनं त्याला रुमालाचा फेटा बांधून फोटो काढला आणि तो फोटो सगळ्या पाहुण्यांत फिरला. इज्जत राखली ती फक्त पालकानं.

यंदा नीट करायचं आहे. प्रश्न एकच: आपल्या कोल्हापूरच्या हवेत कधी काय लावायचं? पाकिटावर नुसतं 'रब्बी' लिहिलेलं असतं. आज इथं परत सर येऊन गेली आणि बियाणं टेबलावर पडून आहे. हात शिवशिवतायत.

रानातला_बापू | २८ सप्टेंबर, रात्री ९.१०

हात खिशात घाला पावणं. घाई नडली तुमची.

आमच्या शिरोळ भागात म्हातारी माणसं अजून नक्षत्रावर चालत्यात. कालपरवा हस्त लागला. चित्रा १०-११ ऑक्टोबरला, स्वाती २४ च्या आसपास. हस्तात वाफं करून ठेवायचं, बी डब्यातच. परतीचा पाऊस बहुतेक चित्रात आटपतो. पालेभाजीचं बी तवा टाकायचं. मधल्या काळात कोबी, फ्लॉवर, टोमॅटोची रोपं मात्र आडोशाला ट्रेमध्ये घालून ठेवा, म्हणजे दिवाळी होईस्तोवर लावायला तयार.

आणि तारखेपेक्षा वाफसा बघा, म्हंजे मातीत पेरणीजोगी ओल आली का ते. मूठभर माती घ्यायची आणि दाबायची. लाडू झाला आणि अंगठा लावल्यावर फुटला की वाफसा आला. लाडू चेपून चपटा झाला, बोटाला चिकटला, तर अजून थांबा. लाडू वळलाच न्हाई तर आदल्या दिवशी पाणी सोडा. तुमच्या मेथीच्या येळी माती नक्कीच चिकटत असणार.

तुमच्याकडं माती काळी असंल तर सपाट वाफा करू नका. गादीवाफा करा, तीन फूट रुंद, वीतभर उंच. दोन्ही बाजूनं हात पोचला पाहिजे, वर पाय द्यायची येळ येऊ नये. काळी माती पाणी धरून बसती, गादीवर मुळी कुजत न्हाई.

तांबडापांढरा | २८ सप्टेंबर, रात्री ९.४५

एवढी जमीन आहे तर कोंबड्या पाळा की राव. गोगलगायींचापण प्रश्न सुटंल.

बीजांकुर | २९ सप्टेंबर, सकाळी ७.२०

कोंबड्या गोगलगायींच्या आधी मेथी संपवतील.

फ्लॉवरबद्दल लिहितो, कारण कृषी महाविद्यालयात असताना याच विषयावर बोलणी खाल्लेली आहेत. फ्लॉवरचा गड्डा धरणं हे तापमानावर असतं आणि प्रत्येक जातीची अट वेगळी. लवकरच्या जाती (पुसा कार्तिकी, पुसा दीपाली वगैरे) २० ते २७ अंशांतही गड्डा धरतात. उशिराच्या स्नोबॉल प्रकाराला १० ते १६ अंश लागतात. व्हिडिओत दिसणारे पांढरेशुभ्र, घट्ट गड्डे बहुतेक त्या दुसऱ्या गटातले.

आता आपली हवा बघा. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात रात्री पारा १४-१५ पर्यंत उतरतो आणि दुपारी २९-३० ला टेकतो. निफाडसारखी थंडी आपल्या वाट्याला नाही. स्वेटर पहाटे घालायचा आणि दहा वाजता गाडीच्या डिकीत टाकायचा, असा आपला हिवाळा. त्यामुळं स्नोबॉल इथं नुसता पाला काढत बसतो. आपल्याला लवकरची किंवा मधल्या गटातली जात लागते आणि ती वेळेवर लागते.

तुमचे लिंबू कसे झाले? दोन कारणं एकत्र आली. एक, रोपं म्हातारी होती. रोप चार-पाच पानांवर, पंचवीस-तीस दिवसांचं असताना लावायचं. जुडीतली रोपं दीड महिन्याच्या पुढची असणार. दुसरं, जात बहुधा लवकरची होती आणि तुम्ही ती नोव्हेंबरअखेर लावलीत. झाड वाढायच्या आधीच थंडी लागली, त्यानं घाईघाईनं आहे त्या अंगावर गड्डा धरला. याला बटनिंग म्हणतात. शर्टाच्या बटणाएवढे गड्डे येतात म्हणून. नत्र कमी पडलं तरी हेच होतं.

तेव्हा बी आणून ट्रेमध्ये स्वतः रोपं करा. १० ऑक्टोबरला बी, ५-१० नोव्हेंबरला लागण, दोन रोपांत दीड फूट अंतर. गड्डा लिंबाएवढा दिसायला लागला (यावेळी तो सुरुवातीचा लिंबू असेल, शेवटचा नव्हे) की त्याच झाडाची पानं वर घेऊन सुतळीनं सैल बांधा. ऊन लागलं की गड्डा पिवळा पडतो.

एक विचारायचं राहिलं. ते चार पाट्या शेण ताजं होतं का?

फुलेवाडीचा_परस | २९ सप्टेंबर, सकाळी ८.०५

ताजं म्हणजे... गरम होतं.

बीजांकुर | २९ सप्टेंबर, सकाळी ८.१२

मग गाजरांचे पाय तिथनंच आले. ताजं शेण आणि विटांचे तुकडे. मूळ सरळ खाली जाताना आडवं काही लागलं की फाटा फुटतो. गाजराच्या वाफ्यात यंदा शेण घालूच नका, कुजलेलं खत मागच्या पिकाला घातलेलं असेल तेवढं पुरतं. माती फूटभर खणून खडे वेचा. चाळली तर उत्तम.

कपिलतीर्थ_रोजची | २९ सप्टेंबर, दुपारी १.३०

मी जरा उलटं बोलते, रागावू नका.

फ्लॉवर कशासाठी लावायचा? दीड-दोन फूट जागा अडवतो, तीन महिने राखण करून घेतो आणि एकच गड्डा देतो. तो तयार होतो त्याच आठवड्यात कपिलतीर्थ मंडईत फ्लॉवरचे ढीग लागलेले असतात आणि भाजीवाली मावशी "घे गं, दोन घे" म्हणून मागं लागलेली असते. परसात ते लावावं जे मंडईत मिळत नाही, किंवा मिळतं ते मरगळलेलं असतं.

माझी आजी शिवाजी पेठेतली. पक्की कोल्हापूरची, त्यामुळं "मी येतो", "मी खुडतो" असंच बोलायची. तिच्या चार हात परसात थंडीत चाकवत, चंदनबटवा, करडई, मेथी, आंबट चुका आणि एका कडेला हरभरा. हरभरा शेंगांसाठी नव्हे, भाजीसाठी. तीन-चार आठवड्यांचा झाला की शेंडे खुडायचे. खुडलं की खालून फांद्या फुटतात, परत आठ दिवसांनी खुडायचं. फुलं दिसली की बंद. हरभऱ्याला पाणी जवळजवळ नाहीच, दवावर जगतो. पहाटे त्याच्या पानांवर आंब येते. आजी मलमलीचं फडकं रात्री वाफ्यावर पसरायची, सकाळी ते आंबट ओलं झालेलं असायचं. पिळून बाटलीत. कुणाचं पोट दुखलं की थेंबभर पाण्यातनं. मी लहानपणी चोरून फडकं चोखलेलं आहे, दात आंबून बधिर झाले होते.

करडई कोवळीच खुडा. पंधरा दिवस विसरलात की पानाला काटे येतात आणि जीभ सोलून निघते. चाकवताचं बी खसखशीपेक्षाही बारीक वाटतं, ते वाळूत मिसळून टाका, नुसतं टाकलं तर एका जागी गर्दी होते. महिना-सव्वा महिन्यात पहिली भाजी. ताकातली पातळ भाजी, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि वरनं लसणाची फोडणी. एवढं मिळाल्यावर फ्लॉवर आठवायचा नाही.

फुलेवाडीचा_परस | २९ सप्टेंबर, दुपारी २.००

ताई, पटलं. तरी फ्लॉवरशी माझा हिशोब बाकी आहे. सहा रोपं लावणार. फक्त सहा.

रानातला_बापू | २९ सप्टेंबर, दुपारी २.२०

हिशोब म्हणला की कोल्हापूरकर मागं हटत न्हाई. लावा.

गच्चीवरला_गडी | ३ ऑक्टोबर, रात्री १०.१५

दसऱ्याची धावपळ संपली, आता लिहितो. जमीन नसलेल्यांसाठी. मंगळवार पेठेत गच्चीवर माझ्या बावीस बादल्या आणि सहा मासळीचे क्रेट आहेत.

गच्चीचं गणित वजनाचं. रंगाची वीस लिटरची बादली नुसत्या ओल्या मातीनं भरली की तीस किलोच्या घरात जाते. म्हणून माती तिसरा हिस्साच. बाकी कुजलेलं शेणखत आणि उसाचं पाचट. पाचट आपल्याकडं फुकट मिळणारी सोन्यासारखी गोष्ट, आणि लोक फडात पेटवून देतात. बारीक तोडून बादलीत तळाला थर द्या, वर आच्छादनाला वापरा. दुपारच्या उन्हात गच्ची तापते, पाचट असलं की माती ओली राहते. चिमण्या मेथीचे कोंब उपटतात तेपण कमी होतं. गुऱ्हाळं सुरू झाली की एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून ठेवा. साखर कारखान्याची मळी (रस गाळून उरलेला गाळ) मिळाली तर ताजी वापरू नका, उष्ण असते, चांगली कुजवून घ्या. मी एकदा घाई केली आणि अकरा बादल्यांतली टोमॅटोची रोपं दोन दिवसांत करपवली.

बादल्या विटांवर ठेवा, थेट स्लॅबवर नको. घरमालक असेल तर दोन विटा जास्तच.

गच्चीवर जमतं ते: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, बीट, कांद्याची पात, लसणाची पात. कोबी क्रेटमध्ये होतो. गाजराला खोल बादली लागते.

नवखा_माळी | ४ ऑक्टोबर, सकाळी ९.००

कोथिंबीर उगवतच नाही माझी. तीनदा टाकली. मुहूर्त बघून टाकू का आता?

कपिलतीर्थ_रोजची | ४ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

धने अख्खे टाकताय का? धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर पसरा, वरनं चप्पल नाही तर लाटणं हलक्या हातानं फिरवा, दोन फाकी झाल्या पाहिजेत, पीठ नको. रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यात, मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर रोज उकरून बघायचं नाही. (मी बघते.) वाणसामानातले धने चालतात, जुने नसले म्हणजे झालं.

बीजांकुर | ४ ऑक्टोबर, सकाळी १०.०५

त्याच्या उलट एक सावधगिरी. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते उरलं म्हणून स्वयंपाकघरात न्यायचं नाही, पेरल्यावर हात धुवायचे, पोरांच्या हाती द्यायचं नाही.

बिटाबद्दलही सांगून टाकतो. बिटाचा जो एक खडबडीत दाणा दिसतो तो खरं तर दोन-चार बियांचा गुच्छ असतो. एका जागी तीन रोपं आली की दोन काढून टाका. जीव होत नाही माहीत आहे, पण नाही काढली तर तिन्हींची बोरं होतात. काढलेला पाला भाजीत घाला. आपला पालक बिटाचाच भाऊबंद आहे, चवीत फार फरक नाही.

बावड्याची_सून | ५ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

आमचं परस पंचगंगेच्या बाजूला, कसबा बावड्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पाणी आलं. ज्यांच्याकडं पाणी येतं त्यांच्यासाठी दोन शब्द.

पूर ओसरला की सगळे म्हणतात, गाळ आला, आता काय पिकंल बघा. पिकतं, पण लगेच नाही. आमच्या परसात गुडघ्याच्या खाली भरेल एवढा गाळ होता. वरनं वाळून भेगा पडलेल्या, आत बोट घातलं तर लोण्यासारखा. तो तसाच ठेवून पालक टाकला, वर पापुद्रा धरला आणि एक कोंब बाहेर आला नाही. सासूबाई म्हणाल्या, ताग टाक. ताग पेरला, दीड महिन्यात कमरेएवढा झाला, फुलायच्या आत कापून मातीतच गाडला, वर पाचट. तेव्हा कुठं माती मोकळी झाली. त्या थंडीत नुसता हरभरा आणि मोहरी घेतली.

आणि पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. त्या हंगामात आम्ही परसातलं काही कच्चं खाल्लं नाही. मुळा नाही, भाजीवर कोथिंबीर भुरभुरायची नाही, मेथीचा घोळाणा तर नाहीच. जे शिजतंय तेवढंच. घोळाणा नसल्यामुळं सासरे आठवडाभर गप्प होते, पण ऐकलं.

फुलेवाडीचा_परस | १२ ऑक्टोबर, सायं. ७.००

ताजी बातमी. तीन गादीवाफे तयार. खडे-विटा वेचून दोन घमेली निघाली. ट्रेमध्ये कोबी, फ्लॉवर, टोमॅटो उगवलं. आज सकाळी बापूंचा लाडू केला, चिकटला. थांबलोय.

पण गोगलगायी आल्यात. पायरीवर सकाळी चकाकणाऱ्या रेघा. त्या मोठ्या शंखाच्या, मुठीएवढ्या.

रानातला_बापू | १२ ऑक्टोबर, रात्री ८.३०

गूळ. कोल्हापुरात ऱ्हाऊन गूळ सुचला न्हाई व्हय?

काळपट, स्वस्तातला गूळ घ्यायचा, पाण्यात कालवायचा, गोणपाट त्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडंला पसरायचं. रात्रीत सगळ्या वासानं त्याच्याखाली जमत्यात. उजाडायच्या आत गोणपाट उचला, गोळा करा, मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हातानं धरू नका, हातमोजं नाहीतर प्लास्टिकची पिशवी घाला, त्यांच्या अंगात किडं असत्यात. चार-पाच रात्री लागोपाठ करायचं. कडंनं चुन्याची रेघ मारत्यात काहीजण, पण दव पडलं की तिचा उपेग संपला.

गोणपाट न्हाई म्हणून अडू नका, माझ्या मेहुण्याचं दुकान लक्ष्मीपुरीत हाय, चार गोणपाटं सांगून ठेवतो, घेऊन जावा. काम झाल्यावर परत द्या.

फुलेवाडीचा_परस | १६ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

पहिल्या रात्री एकतीस. दुसऱ्या रात्री एकोणीस. आज चार. बापू, तुमच्या मेहुण्यांनी चहापण पाजला.

लाडू आज फुटला! मेथी, पालक, चाकवत टाकतोय. सगळं एकदम नाही, दर दहा-बारा दिवसांनी एक ओळ. गेल्या वर्षी सगळा पालक एकाच आठवड्यात आला आणि शेजारच्यांनी दार उघडायचं बंद केलं होतं.

गच्चीवरला_गडी | १६ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

मटारपण आत्ता टाका, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच. अर्केलसारखी लवकरची जात. रात्रभर भिजवून, आणि फुलं थंडीत आली पाहिजेत हे डोक्यात ठेवून मागं मोजायचं. तुमची फेब्रुवारीत आली म्हणून गळाली.

बीजांकुर | १६ ऑक्टोबर, सकाळी ८.००

गाजराची युक्ती देतो. अर्धा इंच खोल रेघ ओढा. गाजराचं बी कोरड्या वाळूत मिसळा आणि त्यात चिमूटभर मुळ्याचं बी. मुळा तीन-चार दिवसांत वर येतो, रेघ कुठं आहे ते कळतं आणि मातीचा पापुद्रा तोच फोडतो. गाजर दहा-पंधरा दिवस घेतं. तोवर वर ओलं गोणपाट अंथरा (बापूंचं आहेच), पण रोज संध्याकाळी कोपरा उचलून बघा. पहिला हिरवा दोरा दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं. एक दिवस उशीर झाला की कोंब त्याच्या विणीत अडकतात. मुळा महिना-सव्वा महिन्यात उपटून खा, गाजराला जागा मोकळी. आणि गाजराचं रोप करून दुसरीकडं लावायचं नाही, परत पाय फुटतील.

फुलेवाडीचा_परस | २३ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

दोन दिवस आभाळ भरून आलंय आणि कोबीच्या पानांमागं मावा (रस शोषणारी बारीक कीड). शिवाय बारीक हिरव्या अळ्या, हात लावला की दोऱ्याला लोंबकळतात. पानाची चाळण झाली.

शेजारचे आजोबा म्हणतात निपाणीची तंबाखू रात्रभर भिजव आणि फवार.

तांबडापांढरा | २३ नोव्हेंबर, दुपारी १२.२५

आजोबांचं बरोबर आहे. आमच्या वडिलांनी जन्मभर तेच केलं.

बीजांकुर | २३ नोव्हेंबर, दुपारी १.००

मावा मरतो, नाही म्हणत नाही. पण निकोटीन जहर आहे, माणसालाही. कातडीतनंपण आत जातं. आठ दिवसांनी जी भाजी घरात शिजणार तिच्यावर ते कशाला? आणि वाफ्यात टोमॅटो आहे. तंबाखूचा मोझॅक विषाणू टोमॅटोवर येतो, तंबाखू मळलेल्या हातांनीसुद्धा. आजोबांना सांगा, तंबाखू तोंडात ठेवा, नाही, तिथंपण नको.

निंबोळी अर्क करा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यानं गाळा, किंचित साबण, आणि उन्हं उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. वरनं फवारून उपयोग नाही, सगळी वस्ती खाली आहे. मावा जास्त असलेलं पान तोडून टाका.

त्या लोंबकळणाऱ्या अळ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या. त्याला मोहरी फार आवडते. मोठे शेतकरी कोबीच्या पंचवीस ओळींमागं मोहरीची ओळ लावतात, म्हणजे पतंग अंडी तिकडं घालतो. तुम्ही कडेनं मोहरी टाका आणि अळ्या आल्या की मोहरीवरच फवारा. खरं तर कोबीच्या आधी पंधरा दिवस टाकायला हवी होती, मी सांगायला विसरलो, चूक माझी.

तांबडापांढरा | २३ नोव्हेंबर, दुपारी १.२०

टोमॅटोचं माहीत नव्हतं. वडिलांची टोमॅटोची पानं दरवर्षी आक्रसायची, ते म्हणायचे दृष्ट लागली. आता कळतंय दृष्ट कुणाच्या खिशात होती.

बावड्याची_सून | २३ नोव्हेंबर, दुपारी २.४५

मोहरीच्या कोवळ्या पाल्याची भाजीपण होते हो. अळ्यांना सगळी देऊ नका.

फुलेवाडीचा_परस | १३ जानेवारी, दुपारी ३.१५

आज भोगी. बायकोनं सकाळी टोपली घेऊन परसात पाठवलं आणि पहिल्यांदाच ती टोपली भरून आत गेली. गाजर, हरभऱ्याचे घाटे (एक कोपरा न खुडता ठेवला होता), कोवळी वांगी शेजारच्यांची, पावटा मात्र मंडईतला. बाजरीची भाकरी, तिळाचं कूट. फोटो टाकला असता, पण जेवण झाल्यावर आठवलं.

हिशोब देतो. मेथीच्या चार ओळी झाल्या, पाचवी चालू. चाकवत उत्तम, पण भाजी पातळ झाली की मुलं खात नाहीत, घट्ट केली की खातात, कारण विचारू नका. मटार दोन किलोच्या आसपास, त्यातला निम्मा वेलावरच सोलून खाल्ला गेला. दवामुळं पानांवर भुरी (पांढरी बुरशी) आलीय, आता काढून टाकणार. कोबी पाच, एक अळ्यांचा.

गाजरं बत्तीस. सरळ. धाकटी खट्टू झाली, फेटा बांधायला एकही माणूस निघाला नाही.

फ्लॉवर: सहापैकी एक मेला. एकाला परत लिंबू. दोन मुठीएवढे. आणि दोन असे की आई म्हणाली, हे बाजारातनं आणून टोचलेत का रे. पानं बांधायची एकाची राहिली होती, तो पिवळट झाला, चवीला फरक नाही. कपिलतीर्थ ताई, तीन महिन्यांत मी या सहा झाडांकडं जेवढं बघितलं तेवढं परीक्षेच्या वर्षी पुस्तकाकडं बघितलं नव्हतं. पुढच्या वर्षी लावणार नाही.

कपिलतीर्थ_रोजची | १३ जानेवारी, दुपारी ४.००

लावाल. माझ्याकडं गच्चीत चार आहेत, कुणाला सांगितलं नव्हतं.

नवखा_माळी | १४ जानेवारी, सकाळी १०.३०

धने लाटण्यानं रगडून टाकले आणि कोथिंबीर दाट आली! पण आता काय टाकू? थंडी अजून आहे.

रानातला_बापू | १४ जानेवारी, दुपारी १२.००

संक्रांत झाली, आता कोबी-फ्लॉवर नगं. मेथी-कोथिंबिरीची एक शेवटची ओळ टाकून घ्या. फेब्रुवारीच्या मध्यानंतर ऊन चढलं की पालक, मेथी दांडा काढून फुलावर येती, मग कडू. मुळा उपटायचा राहिला तर राहू द्या, शेंगा धरंल, त्या डिंगऱ्यांची भाजी कर म्हणावं घरात. लसूण घातला असंल तर पात पिवळी पडून आडवी होईस्तोवर हलवू नका, मार्च निघतो.

फुलेवाडीचा_परस | ९ फेब्रुवारी, सायं. ६.२०

चाकवताची चार झाडं बियाण्याला सोडलीत, माझ्या छातीला लागतात. बी वाळलं की पुड्या करून ठेवतो, ज्यांना हवं त्यांनी फुलेवाडीत येऊन न्यावं. चंदनबटव्याचं कुणाकडं असेल तर बदल्यात द्या.

रानातला_बापू | ९ फेब्रुवारी, रात्री ९.००

चाकवत मला ठेवा. आणि मेहुणा इचारतोय, गोणपाटं कधी मिळणार? चारातली दोन तरी.

फुलेवाडीचा_परस | ९ फेब्रुवारी, रात्री ९.०५

दोन आहेत. तिसऱ्यात गाजर उगवलं होतं, कोंब विणीत अडकले, सुटेना म्हणून कापावं लागलं. चौथं कुठं आहे ते शेजारच्या कुत्र्याला माहीत.